बाण सरळ होते

हॅलो?

… हो, मीच. … अगं मीच, ताई बोलतेय. माझ्या फोनवर माझ्याशिवाय कोण असणार? … ओरडू नकोस. ओरडलीस की मी फोन कानापासून लांब धरते, मग तुझं काहीच ऐकू येत नाही. हां. आता बोल.

… हो, बस उभी आहे. … हो, रस्त्याच्या कडेला. … मुलं खाली उतरवली, सगळी. … शाळेतून फोन आला पण? वा! मी बाईंना म्हटलं होतं, आधी मला मालकीणबाईंना सांगू द्या. … तुलाच म्हणतेय मालकीणबाई. दुसरं काय म्हणू? घरात तू माझी धाकटी बहीण, पण बसच्या कामात तू मालकीण आणि मी ड्रायव्हर. हे तूच ठरवलंस ना? चार माणसांसमोर ठरवलंस. मग आता ऐकून घे.

… नाही, पंक्चर नाही. … डिझेल आहे. … इंजिनाला काही झालेलं नाही. … अगं, तूच विचारतेस आणि तूच उत्तरं देतेस, मग मला फोन कशाला केलास? … ऐक. पुढच्या डाव्या चाकाचे नट सुटलेत.

… सुटलेत म्हणजे सुटलेत. सैल झालेत. चाक ज्यांनी धरलंय ते नट. … कळलं कसं? स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. आधी वाटलं, रस्ता खराब आहे. पुढे चांगला रस्ता लागला, तरी थरथर थांबेना. मग खालून आवाज. टक-टक, टक-टक. मी हळूहळू कडेला घेतली. बाईंना म्हटलं, दोन-दोनच्या रांगेत उतरवा, धक्काबुक्की नको.

… अगं, कसला बहाणा? … कसला बहाणा करणार मी? मला मासे बघायला जायचं नाही म्हणून मी बस थांबवली, असं म्हणायचंय का तुला? मुलं महिनाभर त्या मत्स्यालयाचं नाव घेतायत. शार्क आहे का, डोळे मिटून झोपतो का, विचारून विचारून डोकं खाल्लंय माझं. मला आनंद होतोय का त्यांना इथे बसवून?

… एक मिनिट. ए राणी, त्या भिंतीच्या पलीकडे नाही हं. मावशींच्या शेजारी बस. … नाही गं बाळ, पंक्चर नाही. चाकाचे नट सैल झाले. … नट म्हणजे… तुझ्या बाटलीचं झाकण आहे ना? ते नीट फिरवलं नाही तर काय होतं? … बरोबर. दप्तर ओलं होतं. चाकाचंही तसंच. … जा, सगळ्यांना सांग ही गोष्ट.

… हां, बोल. … मुलांशी बोलत होते. … हो, तुझ्याशी बोलताना येतो तसा आवाज त्यांच्याशी येत नाही माझा. त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही.

… सावलीत बसवलंय. एक बंद गोदाम आहे, त्याच्या भिंतीची सावली आहे. मावशी त्यांना भेंड्या खेळवतायत. … पाणी आहे. … नाही, रडत कोणी नाही. एकाला उलटी झाली होती, ती बसमध्येच, आधी.

… आवळू? कशाने आवळू? दातांनी? … पाना! पाना म्हणे! बसमधला मोठा पाना कुठे आहे, विचार तुझ्या नवऱ्याला. … महिन्यापूर्वी काढून नेला. तुला सांगितलं नाही त्याने? माझ्या देखत टूलबॉक्समधून उचलला आणि म्हणाला, ड्रायव्हरने गाडी चालवावी, पान्याला हात लावायचं काम गॅरेजचं. … हो, अगदी याच शब्दांत. गॅरेजमध्ये सगळे उस्ताद, उस्ताद म्हणतात ना, ते डोक्यात गेलंय त्याच्या.

… कारण मी त्याला म्हटलं होतं, चाक बसवल्यावर थोडं चालवून नट पुन्हा एकदा आवळायला हवेत. एवढंच म्हटलं. त्याला वाटलं, मी त्याला धंदा शिकवतेय. … मग शिकवला तर शिकवला! बाबांनी आपल्याला नाही शिकवलं? बसच्या सावलीत बसवून? तू सात वर्षांची होतीस तेव्हा. तुझ्या बोटाला रबर गुंडाळायचे आणि विचारायचे, आता हे रबर बोट का सोडत नाही? … आठवतं? … बरं झालं. निदान ते तरी आठवतं. रबर ताणलंय म्हणून सोडत नाही. बोल्टचंही तसंच. आवळला की तो केसभर ताणला जातो. त्या ताणाच्या जोरावर नट जागेवर बसून राहतो. ताण गेला की रस्त्याचा एकेक हादरा नटाला थोडं थोडं फिरवतो. आणि…

… आता ऐकायला वेळ नाही? बरं. मला वेळच वेळ आहे. मी रस्त्याच्या कडेला उभी आहे.

… नाही, पाना असता तरी आता उपयोग नव्हता. एक बोल्ट तुटलाय. … तुटलाय, बुडापासून. आणि चाकाची भोकं झिजून लांबट झालीत, अंड्यासारखी. असं चाक आवळून चालवत नाहीत. गॅरेजवाल्याच्या बायकोला हे सांगावं लागतं, कमाल आहे!

… हो हो, मी टोमणे मारते. तू मारत नाहीस. तू तर काय, देवघरातली समई.

… हळूहळू नेऊ? कुठे? … पुढे काय आहे माहीत आहे ना? उतार. वळणावर वळण आणि खाली पूल. पुढचं चाक निघालं तर स्टिअरिंग धरून मी काय करू, भजन म्हणू? … नाही. … नाही म्हटलं. … शंभरदा विचार, शंभरदा नाही. ही बस इथून हलणार नाही.

… काढून टाकशील? काढ. … उद्यापासून येऊ नको? बरं, नाही येणार. उद्याचं उद्या बघू. आज किल्ली माझ्या खिशात आहे आणि बस या दगडाला टेकून उभी आहे. चाकाखाली दगड लावलाय मी, चांगला थोराड.

… राईचा पर्वत? मी? … अच्छा. नवी बस मला दिली नाही, म्हणून मी जुन्या बसचं नाव खराब करतेय. असं? हे तुझं डोकं की त्याचं? … नाही, मला कळू दे तरी. … तुला खरंच असं वाटतं? … बोल ना.

… बाबांचं नाव काढू नकोस. बाबांनी ही बस एकाही मुलाला ओरखडा न येता चालवली, तेही रोज चाकाभोवती फेरी मारून. चहा राहायचा, पण फेरी नाही राहायची.

… काय? … मी मारते. मीही मारते फेरी. आज सकाळीसुद्धा मारली. … म्हणून तर डोकं चक्रावलंय माझं! सकाळी सगळे बाण सरळ होते. … अगं ते पिवळे. नटांवर टोपणं बसवलीत ना, प्लॅस्टिकची, बाण असलेली? ती. शेजारच्या दोन नटांचे बाण एकमेकांकडे तोंड करून बसवायचे. बाबा म्हणायचे, दोन शेजारणी गप्पा मारत बसल्यात. एकीने तोंड फिरवलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय. नट फिरला की बाण फिरतो. लांबूनच दिसतं.

… हो ना. तेच तर म्हणतेय. सकाळी सगळ्या शेजारणी एकमेकींकडे तोंड करून बसल्या होत्या. मी बघितलं आणि निघाले. आणि आता बघ, एकीचं तोंड आभाळाकडे, दुसरीचं जमिनीकडे. एवढ्याशा प्रवासात इतकं कसं फिरेल? एका दिवसात बोल्ट तुटत नाही गं. भोक एका दिवसात लांबट होत नाही. आठ-दहा दिवस तरी हे चाललं असणार. मग बाण रोज सरळ कसे?

… काय म्हणालीस?

… परत म्हण.

… कोण सरळ करतं?

… थांब, थांब. नीट सांग. रोज संध्याकाळी बस धुतल्यावर तुझा नवरा बाण सरळ करतो. … स्वतःच्या हाताने. बरं. पाना लावून? … मी विचारतेय, नट आवळून बाण सरळ करतो, की नुसतं टोपण उपसून सरळ करून परत बसवतो?

… पाना कशाला लागतो? … अगं बाई गं. … अगं बाई!

… नाही, नाही, मी हसत नाहीये. मला हसू कुठून येणार? … त्याने बाण सरळ केले. नट नाही आवळले. रोज थोडा नट फिरायचा, रोज बाण सांगायचा, बघा बघा, हा फिरला. आणि रोज संध्याकाळी तो बाणाची मान धरून परत सरळ करायचा. आणि सकाळी मी येऊन बघायची, वा, सगळं ठीक!

… मी सांगितलं होतं? … मी काय सांगितलं होतं? … हो. म्हटलं होतं. बाण वाकडे दिसतायत, बघून घ्या, असं म्हटलं होतं. … बघून घ्या म्हणजे नट बघून घ्या! कोणी म्हटलं तुझ्या लेकराला ताप आहे, तर तू लेकराला औषध देशील की थर्मामीटर झटकून ठेवशील?

… आणि तू ऑर्डर काढलीस. … काय ऑर्डर? … "गेटमधून निघताना एकही बाण वाकडा दिसता कामा नये." शाबास. मालकिणीने म्हटलं, बाण सरळ हवेत. नवऱ्याने केले सरळ. दोघांनी मिळून चुगलखोराचं तोंड बंद केलं. चुगलखोर गप्प बसला म्हणून चोरी थांबते का गं?

… मी जास्त बोलतेय? बरं, मी जास्त बोलतेय. बोल्ट कमी पडला म्हणून माझं बोलणं जास्त झालंय.

… पण नट मुळात सैल का झाले, ते विचार. … विचार तरी! … सुट्टीत चाकांना रंग दिला. चंदेरी. दिला ना? चाकं उतरवली, रंगाचा जाड थर दिला, आणि ओला-सुका असताना त्याच्यावरच नट आवळले. इथे रंगाचे पापुद्रे निघालेत नटाखालून. साईसारखे. रंग दबला, तेवढी जागा मोकळी झाली, ताण गेला. लोखंडाला लोखंड भिडायला हवं. मध्ये रंगाची गादी घातली तर चाक झोपणारच.

… छान दिसत होती चाकं? हो, छान दिसत होती. आताही छान दिसतायत. फक्त निघून पडायच्या बेतात आहेत.

… थांब, बाई काहीतरी म्हणतायत. … काय बाई? … अच्छा. मोठ्या बाईंना सांगा, मुलं सुखरूप आहेत. डबे इथेच उघडले तरी चालतील. … हो, मी मालकिणीशीच बोलतेय. … चाललंय आमचं प्रेमाचं बोलणं.

… हां, बोल. … काय उपाय? … तो येतोय? … हां, दुसरी बस. छोट्या वर्गाची. तो स्वतः चालवतोय? … बरं. माझ्या मागून निघाला होता, म्हणजे येईलच आता. … मुलं त्याच्या बसमध्ये बसवू? दाटीवाटीने? … तीन-तीन एका सीटवर. … बरं, हरकत नाही. लहान आहेत, मावतील. … किल्ली त्याच्याकडे देऊ? देईन. तुझी किल्ली, तुझा नवरा. बाण सरळ करायला परत…

… थांब.

… थांब, बोलू नकोस. एक विचारते, नीट उत्तर दे.

त्याच्या बसची चाकं कधी रंगवली?

… त्याच दिवशी.

… आणि बाण? … अगं, बाण म्हणतेय! त्याच्या बसचे बाण संध्याकाळी कोण सरळ करतं?

… हां.

… कळलं ना? … आता कळलं. … नाही, रडू नकोस. आता रडण्याचं काम नाही. त्याला फोन लाव. … या फोनवर तर तू माझ्याशी बोलतेयस. टेबलावरच्या फोनवरून लाव. … लाव, मी थांबते. … वाजतोय? … वाजू दे. … उचलत नाही. नाहीच उचलणार. चालवताना फोन डब्यात टाकायचा, हा बाबांचा नियम. तो एक नियम बरा लक्षात राहिला त्याला.

… थांब, त्या बसमध्येही बाई आहेत. … बाई! अहो बाई! मागच्या बसमधल्या तुमच्या मैत्रीण आहेत ना, त्यांना फोन लावा. आत्ता लावा. … म्हणावं, ड्रायव्हरला सांगा, लगेच बस थांबवा. चाकाचे नट सैल आहेत. … हो, त्यांच्याही.

… तू फोन ठेवू नकोस. बोलतायत त्या. … लागलाय. … सांगतायत. … काय म्हणतो? … काय? … बाई, जसंच्या तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही.

… ऐकलंस? तो म्हणतो, "त्यांना सांगा, माझे बाण सरळ आहेत. मी स्वतः बघून निघालोय. मला शिकवू नका."

… आता मी काय बोलू? … बाई, त्यांना म्हणावं, त्याच्या बायकोने सांगितलंय. मालकिणीने सांगितलंय म्हणावं! … काय झालं? … कट झाला? … पुन्हा लावा. … रेंज नाही. टेकडीच्या आड गेले असतील.

… ऐक. अगं ऐक ना. शांत हो. टेकडी ओलांडली की हा सरळ रस्ता. सरळ रस्त्यावर मी आहे. माझ्या पुढे उतार आहे. म्हणजे त्याला इथेच थांबवायला हवं. … कसं म्हणजे? हाताने.

… नाही थांबणार? … हो, माहीत आहे, माझ्याशी अबोला आहे त्याचा. परवा गेटवर समोरून गेला, मान वळवली नाही. … हो, आणि तूच त्याला तसं सांगितलं होतंस. … म्हणाली होतीस ना? "ताई काही म्हणाली तर लक्ष देऊ नकोस." … मला माहीत होतं. भिंतीला कान असतात आणि गॅरेजला तर दारही नाही.

… सोड ते आता. नंतर भांडू. भांडायला जन्म पडलाय.

… मावशी! सगळ्या मुलांना भिंतीला टेकून बसवा. कोणीही रस्त्याकडे यायचं नाही. … नाही बाळ, खेळ नाही. … हो, मला बघायचं. भिंतीला पाठ लावून बघायचं. शाब्बास.

… मी रस्त्याच्या मधोमध उभी राहतेय. … मूर्खपणा कसला? दुसरा काही उपाय सुचतोय तुला? सांग. … मग? … नाही घालणार तो अंगावर. चाकाचं त्याला काही कळत नसेल, पण ब्रेक कुठे असतो ते कळतं.

… आली. पांढरी दिसतेय लांबून. … हो, तीच. … अगं, तू नको किंचाळूस. फोन खिशात टाकतेय. बंद करू नकोस. ऐकत राहा.

थांब! … थांब! … ए, थांब! … वाजव, वाजव हॉर्न! आणखी वाजव! … नाही हलणार मी! … हळू! ब्रेक जोरात दाबू नकोस, हळूहळू दाब! … हळू!

… हां. … हां. … बस. हातब्रेक ओढ.

… उतर खाली. … आधी उतर, मग शिव्या दे. … मी वेडी, बरं. झालं? उतर. … हो, तुझ्या बायकोशीच बोलत होते, फोन चालू आहे, खिशात आहे. ती ऐकतेय. … बाई, या दाराने मुलांना उतरवा. एकेक. हात धरून. त्या भिंतीकडे. … काही नाही रे पिल्ला, जरा थांबलोय आपण. ते बघ, तुझे दादा-ताई तिथे आहेत.

… सरळ आहेत, मला दिसतायत. एक तोंड फिरवून बसलाय, तो सोडून. … तो. खालचा. … हां, तोच. सकाळी सरळ होता ना? … मग आता का फिरला? … वाऱ्याने? बरं. काढ तो बाण. … मी नाही, तू काढ. तुझ्या हाताने काढ. … आता नटाला हात लाव. … पाना नको. पाना मागू नकोस. बोटांनी. … बोटांनी फिरव.

…

… फिरला?

… पुढचा बघ. … त्याच्या शेजारचा. … तोही?

… बस, बस. नको बोलूस काही. बस इथे दगडावर. पाणी पी. … बाई, एक बाटली द्या इकडे.

… हॅलो? आहेस का? … हो, थांबला. सगळी मुलं खाली आहेत. … सगळी गं. मावशींनी दोनदा मोजली. … नाही, चाक निघालं नाही. नट हाताने फिरतायत, पण बोल्ट शाबूत आहेत, भोकंही चांगली दिसतायत. वेळेवर सापडलं. … हो, तोही ठीक आहे. … बसलाय. नट हातात धरून बसलाय, बघतोय त्याच्याकडे. … मी काही बोलले नाही त्याला. आधीच बोलून झालं होतं सगळं.

… तू रडतेस का? … मग नाक कशाला ओढतेस? … चिमणे, ऐक. शाळेला सांग, दुसऱ्या कोणाच्या दोन बस पाठवा. मुलांना मत्स्यालय दाखवायचंच आज. मी शब्द दिलाय. … माझी बस? ती ओढूनच न्यावी लागेल. त्याची इथे दुरुस्त होईल. एकेक चाक उतरवायचं, नटाखालचा रंग खरवडून काढायचा, लोखंडाला लोखंड भिडवायचं आणि मग आवळायचं. थोडं चालवून परत आवळायचं. मगच बाण. … रिकामी चालवायची, मुलं नाहीत आत.

… कोण करणार? … का, ड्रायव्हरने पान्याला हात लावायचा नाही ना? … नाही, टोमणा नाही. सवय आहे, जाता जाता जाईल.

… उद्याचं? उद्याचं काय? … काढलंस ना तू मला. … नाही, मी विसरत नाही. … बरं, उद्या ये तू गेटवर. सकाळी, आपण दोघी मारू फेरी. तू एका बाजूने, मी एका बाजूने. हात लावून बघायचं, नुसतं डोळ्याने नाही. … भांडायचं असेल तर तेही तिथेच भांडू.

… थांब. तो उठला. … त्याच्या बसमागे गेलाय. … काय शोधतोय कोण जाणे. … आला. … अगं, पाना आणलाय. माझाच. बाबांची खूण आहे मुठीवर. तुझ्या नवऱ्याने इतके दिवस त्याच्या बसमध्ये ठेवला होता.

… माझ्यासमोर धरून उभा आहे.

… हो. घेते. … बरं, ठेवते आता. दोन्ही हात लागतील मला.